सांजवेळेचा पदर

स्टीलची वाटी कोब्यावर पडली, गरगरत दूर गेली आणि आवाज बारीक करत करत एकदाची आडवी झाली.

तोवर घरात कोणी बोलत नव्हतं. खोडाळ्याची वीज दुपारीच गेली होती. चैत्रातलं ऊन नुकतं कुठे डोंगरामागे उतरलं होतं, दारातून अजून राखाडी उजेड आत येत होता, आणि दिवसभराच्या उकाड्यानं दमलेल्या दोघी बायका, काशीबाई चुलीपुढे आणि तिची सून उज्ज्वला भिंतीला टेकून, नुसत्या बसल्या होत्या. वाटीतली पेज आता गोदीच्या पायाखाली पसरली होती.

"डोळे फुटलेत का तुझे?" उज्ज्वला ओरडली. "एवढी समोर ठेवलेली वाटी दिसत नाही?"

साडेचार वर्षांची गोदी जागच्या जागी थांबली. रडली नाही. ओला पाय तिनं तसाच अधांतरी धरला आणि एक हात पुढे करून भिंत चाचपायला लागली. भिंत तिच्या उजवीकडे होती. ती डावीकडे चाचपत होती.

"ऱ्हाऊ दे गं, पोर हाय ती," काशीबाई म्हणाली. "ये गं माझी बाय, आजीकडं ये."

आवाज आला तशी गोदीची मान वळली. त्या आवाजाच्या रोखानं ती पाय घाशीत घाशीत निघाली. आजीचा गुडघा हाताला लागला तेव्हा तिनं आजीचा पदर मुठीत गच्च धरला, आणि मग कुठे तिचे वर चढलेले इवलेसे खांदे खाली आले.

"बघ, सांजचे माझा पदर सोडत नाय," काशीबाई कौतुकानं म्हणाली. "आल्यापासून असाच. इतकी माया घेऊन ही जव्हारला राहते तरी कशी, देवाला ठाऊक."

म्हातारीच्या तोंडावर चुलीतल्या निखाऱ्याचा लालसर उजेड होता आणि त्याहून जास्त समाधान. उज्ज्वलाला मात्र काहीतरी खटकलं. ती उठली. पावलं न वाजवता लेकीच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली. सुपातली मूठभर करवंदं उचलून तिनं हात गोदीच्या नाकासमोर धरला. करवंदं म्हणजे गोदीचा जीव. एरवी तिनं झडपच घातली असती.

गोदी त्या हातातून आरपार बघत होती, दाराकडे, जिथे उजेडाचा चौकोन होता.

"आजे," तिनं विचारलं, "आई कुठं गेली?"

उज्ज्वलाच्या हातातली करवंदं कोब्यावर सांडली.

गोदीला गोवर निघाला होता माघात, जव्हारला. उज्ज्वला तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, नवरा कमलेश मोखाड्याला तहसिलीत कारकून, आणि दोघांच्या मधे दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. ताप चढला तशी काशीबाई खोडाळ्याहून जीपमधून आली, हातात कडुनिंबाचा डहाळा घेऊनच. दाराला डहाळा लागला, चुलीवरून कढई उतरली. गोवर म्हणजे घरी आलेली देवी. तिला फोडणीचा वास चालत नाही, तेल-तूप चालत नाही, अंडं-मासळी तर लांबच. पुरळ मावळली की गावच्या देवीपुढे भगताच्या हातून नैवेद्य दाखवायचा, पोराला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, मगच घरात कढई चढवायची. पंधरा दिवसांत हे सगळं उरकतं.

गोदीचं उरकलं नाही. आधी भावकीत सुतक आलं. मग शिमगा. मग उज्ज्वलाच्या परीक्षांचे पेपर. पेपर संपतात तोवर भगतच बैलाला पाणी पाजताना पाय मुरगळून अंथरुणाला खिळला. येत्या मंगळवारी तो काठी टेकत का होईना देवळात येणार होता, म्हणून तर मायलेकी सुट्टी लागताच खोडाळ्याला आल्या होत्या. माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र निम्मा सरला. गोदी पेज, भात, पाण्यात शिजवलेली डाळ आणि उकडलेल्या पाल्यावर होती. त्यात गोवरानंतर लागलेले जुलाब बरेच दिवस थांबले नव्हते.

उज्ज्वलानं हे मोडलं का नाही? मोडता आलं असतं. जव्हारच्या घरात बघायला कोण येणार होतं? पण काशीबाईला एक मुलगी होती, कमू, कमलेशहून मोठी. तिला गोवर निघाला असताना घरात कोणाचं तरी लग्न होतं आणि कोणीतरी लाडानं तिच्या हातात तळलेली पुरी दिली. चार दिवसांत कमू गेली. ताप छातीत उतरला असणार, हे उज्ज्वलाला कळत होतं. काशीबाईला पुरी कळत होती. आणि गोदी तापानं फणफणलेली असताना ह्याच बाईनं रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून, डोळ्याला डोळा न लावता, देवीला शब्द दिला होता: नैवेद्य होईपर्यंत पोरीच्या तोंडात तेलाचा थेंब जाणार नाही. असा शब्द तिच्या माघारी मोडायचा म्हणजे तिच्या पाठीत सुरा खुपसण्यासारखं. उज्ज्वलाचा हात धजला नाही.

आणि तिला वाटलं होतं, पाला तर देतेच आहे. शेवग्याचा कोवळा पाला, उकडून, मीठ टाकून. त्यातलं जे डोळ्याला लागतं ते तेलाशिवाय अंगाला लागत नाही, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण फळ्यावरचं माहीत असणं वेगळं आणि चुलीपुढचं माहीत असणं वेगळं. हातात खडू असला की तिला सगळं आठवायचं. हातात पळी असली की सासूचा चेहरा आठवायचा.

जव्हारला कळलंही नसतं. तिथे दिवेलागण झाली की बटण दाबायचं. बल्बखाली गोदीला दिसायचं, चित्रं काढायची, खिदळायची. फक्त अंगणातून एकटी आत यायची नाही. "भित्री भागूबाई," कमलेश हसायचा, आणि उज्ज्वलाही हसायची.

सकाळी गोदी कोंबडीच्या पिलांमागे ओट्यावरून उड्या मारत होती. उन्हात तिला पिसू दिसेल इतकं लख्ख दिसत होतं. काशीबाई जुनी टोपली दुरुस्त करायला बसली होती. मांडीशी बांबूच्या ओल्या कामट्यांचा ढीग, तोंडात तंबाखूची चिमूट.

"मी तिला दवाखान्यात नेते, आत्या," उज्ज्वला म्हणाली. सासूला ती लग्नापासून आत्याच म्हणायची. "तिला सांजेला दिसत नाही."

"दिसत नाय? ती काय, पिलामागं धावते."

"दिवसा दिसतं. अंधारलं की नाही."

"म्हंजे कसा?"

उज्ज्वलानं ढिगातली एक कामटी उचलली. वर्गात ती हेच करायची. मुलं बाकावर उभी राहून बघायची. तिनं कामटी धनुष्यासारखी वाकवली आणि दोन तळहातांमध्ये दाबून धरली.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यात असे हातच हात आहेत, आत्या. कोट्यवधी. आम्ही त्यांना प्रथिन म्हणतो. हात धरून काय बसलेत, तर ही वाकलेली कामटी. ती जेवणातून येते, पाल्यातून, अंड्यातून, मासळीतून. आता बघा, उजेड पडला." तिनं दाब सैल केला. कामटी ताडकन सरळ झाली आणि तिचे तळहात दोन बाजूंना ढकलले गेले. "हात हलले. नुसते हलले, एवढंच. पण ते तेलकट पापुद्र्यात तरंगत असतात, त्यामुळे हलले की शेजारून वाहत येणाऱ्याला टोचतात. तो पुढच्याला टोचतो. असं टोचत टोचत डोक्यात निरोप जातो, की दिसलं."

काशीबाईचे हात थांबले होते. "आनि कामटी?"

"सरळ झाली की गळून पडते. पुन्हा वाकलेली बसावी लागते. तिचा साठा संपला की हात रिकामे. उजेड येतो, पण हलवणार कोण?"

"मंग दिवसा कसा दिसतो तिला?"

"दिवसा उजेड रगड. थोड्या हातांवर भागतं. सांजेला उजेडच चिमूटभर, तेव्हा सगळेच्या सगळे हात लागतात. आणि ही कामटी तेलाशिवाय अंगात शिरत नाही. मी एवढा पाला घातला, तो आला तसा गेला."

तेल म्हणताच काशीबाईनं मान खाली घातली. एक कामटी ओढून घेतली, दातांनी तिचं टोक सारखं केलं.

"तुझी कामटी ब्येस हाय," ती म्हणाली. "पर देवीला शिकवशील काय?"

उज्ज्वलाच्या मनात आलं होतं, गोदीला उचलावं आणि एकटीनंच निघावं. औषध पाजून परत यावं, सांगूच नये. पण ती चप्पल घालून वळते तर काशीबाई कामट्या बाजूला सारून, डोक्यावर पदर घेऊन, ओट्याच्या पायरीवर उभी.

"मना येऊ दे," ती म्हणाली. "शब्द मी दिलेला हाय."

सरकारी दवाखाना बाजाराच्या टोकाला होता. डॉक्टरीणबाई वयानं उज्ज्वलाएवढीच, केस घट्ट बांधलेले, बाहेर बसलेल्या गर्दीला अधूनमधून हसत दम देणारी. तिनं गोदीला टेबलावर बसवलं, पापणी अलगद वर केली. बुबुळाच्या शेजारी, पांढऱ्या भागावर, साबणाच्या फेसाचा वाळलेला थेंब असावा तसा एक बारीक डाग होता. उज्ज्वला दोन महिने ह्या डोळ्यांत काजळ घालत होती. तिनं तो पाहिला नव्हता. किंवा पाहिला होता आणि काजळाच्या बोटानं पुसायला गेली होती, पुसला गेला नाही म्हणून सोडून दिला होता.

"गोवर झाला होता?"

"माघात."

"जेवण?"

उज्ज्वलानं सांगितलं. सगळं सांगितलं.

"तुम्ही काय करता?"

"कॉलेजात शिकवते. जीवशास्त्र."

डॉक्टरीणबाईनं मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि गोदीची दुसरी पापणी उचलली. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं उज्ज्वलाला वाटलं.

"गोवर अंगातला 'अ' जीवनसत्त्वाचा साठा ओढून नेतो," डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणि मग जुलाब, मग तेल बंद. वेळेवर आलात. आणखी थोडे दिवस गेले असते तर बुबुळ कोरडं पडायला लागलं असतं. ते एकदा विरघळलं की माझ्याकडे औषध नाही, आणि मुंबईलाही नाही. आत्ता एक डोस, उद्या एक, आणि महिन्यानं एक."

तिनं कपाटातून तपकिरी बाटली काढली. प्लॅस्टिकच्या चमच्यात पिवळसर, दाट धार ओतली. ती धार चमच्याच्या कडेला लागून हळूच खाली घसरली, तशी काशीबाई पुढे झाली.

"बाई, ह्यात तेल हाय?"

"तेलच आहे, आजी. औषध तेलातच विरघळतं."

"मंग आज नको." काशीबाईनं गोदीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंगलवारी नैवेद हाय. तो होऊ दे. मंगलवारी दुपारी मी सोता घेऊन येतां तिला."

"एकही दिवस नको, आजी. डोळ्याचा प्रश्न आहे."

"आनि जिवाचा?" म्हातारीचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझी एक गेली, बाई. तेलानंच गेली. तिचा जीव जाताना मी बघला. ह्या पोरीला देवीनं परत दिली, ती माझ्या शब्दावर दिली. तुम्ही शिकलेल्या मानसा. मी कुठं नाय म्हनते? मंगलवार म्हनते."

चमचा डॉक्टरीणबाईच्या हातात तसाच होता. ती उज्ज्वलाकडे बघत होती. आई तर तूच, असं त्या नजरेत होतं. उज्ज्वलाला 'द्या' म्हणायचं होतं. गोदीच्या गुडघ्यावरचा तो सुरकुतलेला हात बाजूला कसा करायचा? त्याच हातानं सबंध माघ गोदीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं होतं.

"द्या तिला," उज्ज्वला म्हणाली. आणि मग, काशीबाईकडे वळून, "पण आत्या, तुमच्या मनाविरुद्ध नको. अंधारात तिचं काय होतं ते तुम्ही एकदा बघा. मग तुम्हीच सांगा."

डॉक्टरीणबाईला कळलं. तिनं चमचा झाकून ठेवला. उठून खिडकीची एक फळी लावली, मग दुसरी. पट्टीपट्टीनं उजेड उरला. खोली सांजेसारखी झाली. उज्ज्वलाला टेबल दिसत होतं, खुर्ची दिसत होती, भिंतीवरचं बाळाला पाजणाऱ्या बाईचं चित्रही दिसत होतं. गोदीला डॉक्टरीणबाईनं खाली उतरवून मधोमध उभं केलं.

"आजी, हाक मारू नका," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली. "नुसते हात पुढे करा. बघू येते का."

काशीबाई खाली बसली. दोन्ही हात पसरले. गोदी तिच्यापासून दोन पावलांवर, तोंड तिच्याकडेच. पसरलेले हात जाणत्या माणसालाही ओढून घेतील असे. म्हातारी हसली, दात नसलेल्या जागा दाखवत. गोदीला हे हसू फार आवडायचं, ती त्यात बोट घालायची.

गोदी हलली नाही. तिचे डोळे आजीच्या चेहऱ्यावरून गेले, भिंतीवर गेले, परत आले. एक हात हळूच वर आला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. बोटांची मूठ झाली, उघडली, पुन्हा झाली. पदर शोधत होती.

"आजे?" ती म्हणाली. "तू पन गेली?"

काशीबाईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्याखालचं सगळं निघून गेलं. तिनं उज्ज्वलाकडे बघितलं.

"सांजचे माझा पदर धरते ती..." तिनं वाक्य सुरू केलं. पुढे नेलं नाही. ती झटक्यानं पुढे सरकली, गोदीच्या हवेतल्या मुठीत स्वतःचा पदर कोंबला आणि तिला पोटाशी धरून बसली. "हाय गं बाय. हितंच हाय. कुठं जाते मी?"

खिडकी कोणी उघडली नाही. बाहेर कोणाचं तरी मूल खोकत होतं.

"दे," काशीबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईनं चमचा उचलला तरी ती पुन्हा म्हणाली, "दे लवकर. आनि देवीचा मी बघतां. पोरीचा पथ्य आतापासना माझा. नैवेद होईपर्यंत तेलाचा थेंब मी तोंडात घालायची नाय. देवीला पथ्य पायजे ना? ते तिला मिलेल. पोरीच्या तोंडून न्हाय तं माझ्या तोंडून."

"आत्या, तुम्हाला चक्कर येते. डॉक्टरनं तुम्हाला—"

"तू गप. तुझी कामटी तुझ्याकडं, माझी देवी माझ्याकडं."

गोदीनं चमचा चाटूनपुसून घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी. मासोलीसारखा लागतो."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोकळं हसली.

त्या संध्याकाळी वीज आली होती, पण दोघींनी दिवा लावला नाही. चूलही लवकर विझवली. दारातला चौकोन निळा झाला, राखाडी झाला. कमलेश मोखाड्याहून आला, उंबऱ्यात ठेचकाळला.

"अंधारात काय बसलात भुतांसारख्या?" त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नको!" दोघी एकदम ओरडल्या. कमलेशनं विंचू बघितल्यासारखा हात मागे घेतला. मग त्याला सगळं सांगितलं गेलं, आणि तो लेकीजवळ जाऊन बसला. ती त्याच्या बनियनच्या वासावरून त्याला ओळखून मांडीवर चढली. पहिल्या सांजेला काहीच झालं नाही. गोदी पदर धरून फिरत राहिली. काशीबाईचा हात मात्र दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला लागत होता, ताप आला का म्हणून. नंतर उज्ज्वलानं बघितलं तर तिचा स्वतःचा हातही तेच करत होता. दोघींचे हात त्या इवल्या कपाळावर एकमेकींना लागले आणि दोघींनी ते लाजून मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुसरा डोस झाला. घरी परतल्यावर उज्ज्वलानं माळ्यावरची कढई काढली, राखेनं घासली आणि तेल तापवून मोहरी टाकली. ती तडतडली तशी गोदी आतून धावत आली.

"आई, काय फुटला?"

"मोहरी गं. विसरलीस?"

विसरली होती. उज्ज्वलानं अंडं फोडून हळदीत परतलं, पाल्याची भाजी लसणावर टाकली. गोदी मांडी घालून बसली आणि बोटं चाटत जेवली. काशीबाईनं आपली नाचणीची भाकरी आणि मिठातला उकडलेला कांदा घेऊन तोंड दुसरीकडे फिरवलं. "वासानं भूक चालवते मेली," ती पुटपुटली, पण पथ्य तिनं मोडलं नाही. दुसरी सांजही तशीच गेली. फक्त गोदी एकदा दाराकडे जाताना भिंत न चाचपता गेली, आणि उज्ज्वलाला ते खरं वाटलं नाही. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं आणि पुसलं गेलं तर?

तिसऱ्या दिवशी कमलेश लवकर आला. दिवस बुडाला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या जागी बसून काहीतरी करत असल्याचं नाटक करत होते. काशीबाई भाकरी घेऊन बसली. उज्ज्वला तांदूळ निवडत होती, म्हणजे एकाच मुठीतले तांदूळ पुन्हा पुन्हा सुपात टाकत होती. खडा तिला त्या उजेडात तसाही दिसला नसता. तिला आत, त्या पडद्यावर, काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे येत होतं. वाकलेली एकेक कामटी रक्तातून वाहत येतेय. कुठल्यातरी रिकाम्या हातांत बसतेय. हात मिटताहेत. पुन्हा उजेडाची वाट बघताहेत. किती बसल्या असतील? पुरेशा बसल्या असतील?

"आजे," गोदी म्हणाली, "तुझ्या भाकरीवर मुंगी हाय."

काशीबाईनं भाकरी डोळ्यांजवळ नेली. तिला मुंगी दिसेना. कमलेशनं वाकून बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "आई, आहे. काळी. ती बघ, कडेला."

"खाऊ दे तिला," काशीबाई म्हणाली, आणि भाकरी ताटात ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. तिचे खांदे हलत होते. गोदीला वाटलं आजी लपाछपी खेळतेय. ती पुढे गेली, सरळ, पाय न घासता, आणि तिनं आजीचे हात तोंडावरून बाजूला केले. "भॉक!"

मग तिला कोण धरून ठेवणार? ती अंगणात पळाली. उज्ज्वला मागे धावली. बाहेर आकाशात अजून थोडी जांभळी कड होती, बाकी सगळं विझत चाललेलं. गोदी एकेक वस्तूपाशी जाऊन तिला हात लावत होती. लाकडांची मोळी. बैलांचं पाण्याचं टाकं. वाळत घातलेली आजीची चोळी. उंबराच्या झाडाशी ती थांबली, वर बघितलं, आणि धापा टाकत आईकडे आली.

"आई, आता मला पन येतो."

"काय येतं, राणी?"

"अंधारात चालायला." ती छाती फुगवून म्हणाली. "मला वाटायचा, मोठा झाला की येतो. तुला येतो, बाबाला येतो, आजीला येतो. मला पडायला व्हायचा. आता मी मोठी झाली ना?"

उज्ज्वला मोळीवर बसली. गोदीला तिनं दोन गुडघ्यांमध्ये घेतलं. ते डोळे तिच्याकडेच बघत होते, ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जात होते.

"तसं नाही, बाळा," ती म्हणाली. "तुला दिसत नव्हतं. तुझे डोळे आजारी होते. आम्ही चालायचो ते आम्हाला दिसायचं म्हणून."

गोदीनं ह्यावर विचार केला. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. एवढ्या अंधारातही ती उज्ज्वलाला दिसली.

"तुम्हाला दिसायचा?"

"हो."

"सांजचे पन? वाटी पन?"

"हो, बाळा."

आईच्या गळ्यातले मणी गोदीनं बोटानं एका बाजूला सारले, परत आणले. मग तिनं मान वर केली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. काही काम करायचं राहून गेलं की पोरं जशी विचारतात तसं तिनं विचारलं:

"मग आई, मी तुला सांगायला पायजे होता का?"